चकलीची शू, शहाबादी फरशी आणि पुन्हा पुन्हा येणारा वास

भिजकी_नाशिककर :

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितेय, झोप झालेली नाहीये त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी (इयत्ता तिसरी) पावसात स्कूटरखाली कुडकुडत बसलेलं एक गावठी पिल्लू दप्तरात घालून घरी आणलं. पाऊस थांबेपर्यंतच ठेवायचं असं ठरलं होतं. पण शेपटी गोल वळलेली म्हणून नाव पडलं चकली, आणि एकदा नाव पडलं की पिल्लू कुठे जात नसतं हे मला उशिरा कळलं. डॉक्टरांनी दात बघून अडीच महिन्यांची असेल म्हणून सांगितलं. पहिली लस झालीये, बाकीच्या होईपर्यंत रस्त्यावर न्यायचं नाही म्हणालेत. म्हणजे जे काही व्हायचं ते घरातच.

घर जुनं, बैठं. हॉलला मोझॅक टाइल्स, स्वयंपाकघर आणि मागच्या पडवीला शहाबादी. बाईसाहेब दिवसातून दहा-बारा वेळा तरी शू करतात, शी तीन-चारदा. जागा ठरलेल्या आहेत : दिवाणामागचा कोपरा, फ्रीजसमोर, सासूबाईंची गादी आणि, सांगायलाही लाज वाटते, देवघराच्या चौरंगाखाली. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या "देवाखाली कुत्री मुतवायची बाकी राहिली होती", आणि चौथ्या दिवशी मी त्यांना तिला तूप-पोळी भरवताना पकडलं, त्यामुळे त्या आघाडीवरचा विरोध मावळलाय. पण वास आहेच.

मी काय काय केलं तर आधी पांढरं फिनाईल, मग काळं फिनाईल, मग शेजारच्या ताई म्हणाल्या व्हिनेगर टाक म्हणून अख्खी बाटली हॉलमध्ये ओतली आणि घासलं, त्याने वास दोन दिवस गेला पण आता मोझॅकवर पांढरट डाग पडलेत ते निघत नाहीयेत. आणि सकाळी पुसलं की संध्याकाळपर्यंत ठीक असतं, दुसऱ्या दिवशी पाऊस पडला की परत तोच वास, उलट जास्तच. आणि चकली येते, हुंगते आणि बरोब्बर तिथेच बसते. कामाच्या मावशींनी स्पष्ट सांगितलंय, "ताई लादी पुसीन, पण कुत्र्याचं काढणार नाही." बरोबर आहे त्यांचं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो मला तर काहीच वास येत नाही. हे लग्नाआधी सांगायला हवं होतं.

कोणी खरंच करून बघितलेला उपाय सांगा. गुगलवरचे दहा उपाय नकोत.

तीन_कुत्री_एक_फ्लॅट :

ताई, आधी ते फिनाईल माळ्यावर ठेव. काळं तर फेकूनच दे, पिल्लं ओल्या फरशीवरून चालतात आणि मग पाय चाटतात, ते पोटात जाणं बरं नाही. (घरात मांजर असेल तर काळं फिनाईल अजिबातच नको.) आणि पांढऱ्या फिनाईलने होतं काय, तर पाईनचा वास वर बसतो, आपलं नाक फसतं, तिचं नाही फसत. तिला खालचा वास जसाच्या तसा येतो आणि तिच्या दृष्टीने ती पाटी आहे, "शू करण्याची जागा". तू रोज पुसतेस पण पाटी तशीच आहे.

पावसात वास का वाढतो ते पण सांगतो कारण माझं डोकं यावरच एक पावसाळा फिरलं होतं. शूमधलं पाणी उडून जातं पण क्षार आणि बाकीची घाण फरशीच्या बारीक छिद्रांत आणि सांध्यांत वाळून बसते. हवा दमट झाली की ती ओलावा ओढून घेते, जंतूंना मेजवानी मिळते आणि ते त्यातल्या युरियाचा अमोनिया करत बसतात. म्हणून उन्हाळ्यात "गेला बाबा वास" वाटतं आणि जुलैत तो परत हजर.

याला एन्झाइमवाला, म्हणजे ती घाणच तोडून टाकणारा क्लीनर लागतो. पेट शॉपमध्ये मिळतो, ऑनलाइन पण मिळतो, "पेट स्टेन अँड ओडर" असं लिहिलेलं असतं पण बाटलीवर एन्झाइम लिहिलंय ना ते बघून घे, नुसता सुगंधी स्प्रे असला तर ते महागडं फिनाईलच. आणि वापरायची पद्धत, इथे नव्वद टक्के लोक चुकतात : शिंपडलं आणि लगेच पुसलं. तसं नाही. आधी शू जुन्या टॉवेलने टिपून घ्यायची, घासायची नाही, घासलं की पसरते. मग साधं पाणी, परत टिपायचं. मग क्लीनर भरपूर ओतायचा, शू जिथपर्यंत मुरली असेल तिथपर्यंत तो पोचला पाहिजे, आणि बाटलीवर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा वेळ ओलं ठेवायचं, जुना डाग असेल तर वर प्लास्टिकची पिशवी अंथरून अजून जास्त. मग आपोआप वाळू द्यायचं. तुझ्या फरशीत आत्ता फिनाईल मुरलंय, ते एन्झाइमला काम करू देत नाही, त्यामुळे आधी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन काढ.

काच पुसायच्या निळ्या लिक्विडने पण पुसू नकोस, बऱ्याचशात अमोनिया असतो. तिला वाटेल दुसरं कोणीतरी येऊन गेलं, मी पण करते.

अजून एक, यूव्ही टॉर्च घे, दोन-तीनशेत येते. रात्री सगळे दिवे घालवून फिर. वाळलेली शू पिवळट-हिरवट चमकते. मन घट्ट करून बघ, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सोफ्यावर बसायचं सोडलं होतं.

जुनाजाणता६२ :

एवढं काही नसतं हो. आमच्याकडे गावाला चार कुत्री होती. घरात केली की नाक त्यात घासायचं आणि एक फटका, दोन दिवसात शिकतात. आजकाल कुत्र्यांनाही क्लीनर लागतात.

पडवीतली_माऊ :

काका, राग मानू नका, पण गावाकडची तुमची कुत्री दिवसभर अंगणातच असणार, घरात शू करायची वेळच येत नसणार. ती फटक्याने शिकली नाहीत, अंगणाने शिकली.

आमच्याकडे माझ्या दिराने हाच नाक घासायचा प्रकार केला होता. झालं काय, तर पिल्लू एवढंच शिकलं की माणसासमोर शू करायची नाही. मग कपाटामागे, पलंगाखाली, जिथे कोणी बघणार नाही तिथे. बाहेर नेलं तरी दोरी हातात असताना करेना, घरी येऊन दिवाणामागे पळायचं. आम्हाला ती खोड मोडायला चार महिने लागले. भिजकी ताई, तुमच्या चकलीचा दिवाणामागचा कोपरा वाचून मला तेच आठवलं. कोणी ओरडलं का तिला सुरुवातीला?

भिजकी_नाशिककर :

@पडवीतली_माऊ हो :( मीच. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बॅगवर केली होती.

लादीवाला :

मी फरशीचं काम करतो, वीस वर्षं झाली, कुत्र्यातलं काही कळत नाही पण ताईंचे पांढरे डाग वाचून राहवलं नाही.

ते डाग नाहीयेत. फरशी खाल्ली गेलीये. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि त्यात संगमरवराच्या चिपा. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. संगमरवर पण त्याच कुळातला. या कशावरच आंबट चालत नाही. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड, काहीच नाही. विश्वास नसेल तर पडवीच्या कोपऱ्यात न दिसेल अशा जागी लिंबाचा एक थेंब टाकून बघा, बारीक फेस येतो, तो फेस म्हणजे तुमचा दगड चाललाय. आणि आंबट पडलं की पॉलिश जातं, दगड खरखरीत होतो, छिद्रं उघडतात, म्हणजे पुढची शू अजून खोल मुरणार. व्हिनेगर चालतं कुठे, तर व्हिट्रिफाइड आणि सिरॅमिक टाइलवर. तिथेसुद्धा सांध्यांत साधं पांढरं सिमेंट असेल तर रोज रोज नको.

ते घरगुती बायो-एन्झाइम पण सांगतो, कारण आता कोणीतरी येऊन सांगणारच आहे. गूळ १, लिंबा-मोसंबीची सालं ३, पाणी १०, तीन महिने मुरवायचं. चांगली गोष्ट आहे, माझी बायको पण करते, पण चव घेऊ नका, नुसता वास घेऊन बघा, आंबट असतं ते. शहाबादीवर नको.

मोझॅकला आता मशीनने घासून परत पॉलिश मारणे हाच उपाय. पण आत्ता करू नका!! पिल्लू शिकू द्या, पावसाळा जाऊ द्या, दिवाळीच्या आधी फरशी पूर्ण वाळलेली असताना पॉलिश आणि वर सीलर (छिद्रं बंद करणारं लिक्विड) मारून घ्या. ओल्या फरशीवर सीलर मारला तर वास आतच कोंडला जातो आणि मग कोणाचा बाप काढू शकत नाही. तोपर्यंत शहाबादीला कोमट पाण्यात थोडा भांड्याचा साबण, बास. सांधे उकरले असतील तर तिथेच सगळं साचतं, ते भरून घ्या.

भिजकी_नाशिककर :

लादीवाले दादा, बाटली ओतण्याआधी तुम्ही कुठे होतात? 😭

बरं आता गादीचं सांगा. सासूबाईंची कापसाची गादी आहे, लग्नातली, त्या ती टाकू देणार नाहीत. तीनदा शू झालीये, ऊन नाही, पंख्याखाली उभी करून ठेवलीये. आणि अजून एक, शी. परवापासून पातळ होतेय. फरशीवरनं उचलताना सगळं पसरतं.

पडवीतली_माऊ :

गादीची आधी खोळ काढून धुवा, वॉशिंग पावडर एन्झाइमवाली मिळते, त्यात कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, उकळत्या पाण्यात नको. गादीला मात्र पाणी ओतू नका, कापूस आतून वाळणार नाही आणि बुरशी धरेल, मग शूचा वास बरा म्हणायची वेळ येईल. जेवढं शोषून घेता येईल तेवढं टॉवेल दाबून काढा, वरून खाण्याचा सोडा जाड थर करून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम नाहीतर ब्रशने काढा. डाग राहिला तर मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ते ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घालून फडक्याने टिपायचं, पण रंग उडतो त्यामुळे आधी कोपऱ्यावर बघा. आणि पाऊस संपला की सरळ पिंजाऱ्याकडे द्या, कापूस पिंजून, खराब भाग काढून, नवीन खोळ. सासूबाईंची गादी सासूबाईंचीच राहते.

तोवर तिच्यावर बाळाच्या खालचं रबरी कापड घाला, मुलाच्या वेळचं माळ्यावर असेलच. आणि दुपटी! टाकली नसतील तर काढा. पिल्लाइतकं दुपट्यांचं चीज कोणी करत नाही.

शी पातळ का होतेय? दूध देताय का?

भिजकी_नाशिककर :

हो, दोन वाट्या. आणि सासूबाईंचं गुप्त खातं वेगळं.

तीन_कुत्री_एक_फ्लॅट :

तिथेच आहे मग. आईपासून तुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात. दूध बंद, तूप-पोळी बंद (सासूबाईंची माफी मागून). पण उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखव, लशी पूर्ण नाहीयेत हे विसरू नकोस. उलटी, रक्त, मलूल पडणं, खाणं सोडणं यातलं एक जरी दिसलं तर उद्याची पण वाट बघायची नाही, पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) असला तर तासांचा हिशोब असतो. जंताचं औषध दिलंय का? पिल्लांना जंत बहुतेक आईकडूनच येतात. मुलगा तिच्याशी खेळून तसाच खाऊ खात असेल तर हात धुवायची सवय आत्ताच लाव, आणि शी तिथल्या तिथे उचल. त्यातली जंतांची अंडी लगेच बाधत नाहीत, दोन-तीन आठवडे पडून राहिली की मग बाधतात, त्यामुळे पडवीत, कुंड्यांत साठू द्यायची नाही.

उचलायला आजीची पद्धत : वर राख नाहीतर कोरडी माती टाकायची, दोन मिनिटं थांबायचं, सुपलीने उचलायचं, पसरत नाही. हातमोजे घाल.

आणि ब्लीच. सरसकट टाकू नका, शूवर तर कधीच नाही, त्यातल्या अमोनियाशी मिळून घातक वाफा येतात, आणि टॉयलेटच्या अ‍ॅसिडबरोबर तर क्लोरीनच तयार होतो. ब्लीचचा खरा उपयोग पार्व्होला, तो विषाणू फिनाईलला दाद देत नाही. तेव्हासुद्धा आधी साबणाने स्वच्छ धुऊन मग १ भाग ब्लीच ३० भाग पाणी, दहा मिनिटं, खिडक्या उघड्या, पिल्लू दुसऱ्या खोलीत.

न्यूजर्सीतला_सदाशिवपेठी :

इथे घरभर कार्पेट आहे, त्यामुळे शहाबादीवाल्यांनो, तुम्ही सुखी आहात एवढंच सांगायला आलो. आमच्या पिल्लाच्या वेळी मी शहाणपणा करून स्टीम क्लीनर भाड्याने आणला, गरम वाफेने डाग आणि वास दोन्ही पक्के बसले, शेवटी खालच्या फोमसकट तुकडा कापून बदलावा लागला. तेव्हापासून जुने टॉवेल टाकून वर उभं राहायचं, बास. शू झाल्यावर घरातलं सगळ्यात वजनदार माणूस कोण तर मी, म्हणून मलाच हाक येते.

पडवीतली_माऊ :

😂

ताई, नुसतं साफ करून संपणार नाहीये, तिला जागा पण द्यावी लागेल. पेपर सगळे सांगतात, पण पेपरवर शिकली की तिला पेपर म्हणजे संडास वाटतो, आणि आमचे सासरे पेपर जमिनीवर पसरून वाचायचे... पुढचं सांगत नाही. त्यापेक्षा पडवीत एक घमेलं ठेवा, त्यात चार बोटं माती. पुढे बाहेर न्याल तेव्हा मातीवरच करायचंय ना. शू टिपलेला कापडाचा एक तुकडा त्या मातीत ठेवा, पाटी तिथे लावा. घरातली पुसा आणि तिथली राहू द्या.

वेळा : उठली की, खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत, खेळून थांबली की, आणि मध्ये दर तास-दीड तासाने. जितके महिने तितके तास आणि वर एक, असा ढोबळ हिशोब असतो पण तो झोपेतला, जागेपणी तेवढं थांबत नाहीत. गोल फिरून जमीन हुंगायला लागली की उचलून न्या. तिथे केली की त्याच सेकंदाला कौतुक आणि खाऊ, घरात आणून मग दिला तर तिला वाटतं घरात आल्याचा दिला. घरात करताना दिसली तर नुसतं उचला. झालेली दिसली तर काहीच म्हणायचं नाही, गपगुमान पुसायचं. आणि थेंब थेंब सारखी करत असेल किंवा करताना कण्हत असेल तर ते ट्रेनिंगचं नाही, इन्फेक्शन असू शकतं, डॉक्टरांना सांगा.

मावशींना मात्र सांगू नका बाई. कुत्रं आपलं, शू पण आपली.

भिजकी_नाशिककर :

बारा दिवसांनी हजर. आधी चकलीचं : जुलाब दुधाचेच होते, जंतही निघाले (फोटो टाकत नाही), आता ठणठणीत. दुसरी लस झाली.

टॉर्च आली. रात्री दिवे घालवून देवघराकडे मारली तर अख्खी आकाशगंगा. चौरंग, भिंत, समई, पार माझ्या कोपरापर्यंत पिवळं-हिरवं लखलखतंय. मी मटकन खाली बसले, एवढी शू या एवढ्याशा जिवाने केली कधी. सासूबाई मागून म्हणाल्या, अगं हळद आहे ती. आणि खरंच हळद! नुसती हळद वाटीत घेऊन त्यावर टॉर्च मारली, तशीच चमकते. तर ज्यांच्या घरी देव आहेत त्यांनी टॉर्चवर विसंबू नका, गुडघे टेकून हुंगा. मी हुंगलं. चौरंगाच्या मागच्या एका पायाशी फुटका सांधा होता, तिथे सगळं साचत होतं. फ्रीजखाली पण, फ्रीज सरकवला तेव्हा डोळ्यात पाणी आलं, भावनेने नाही.

एन्झाइमवालं लिक्विड ओतून रात्रभर प्लास्टिक, दोन वेळा केलं, दिवाणामागचा वास गेला. फ्रीजखाली अजून दमट दिवशी येतो थोडा. सांधा लादीवाल्या दादांनी सांगितल्यासारखा भरून घेतला. घमेल्याची कल्पना मात्र एक नंबर. पहाटेची पाळी सासूबाईंनी घेतलीये, त्या तशाही साडेचारला उठतात, तिला घमेल्यात उभी करून रामरक्षा म्हणतात आणि रामरक्षा संपेपर्यंत बाईसाहेबांचं झालेलं असतं. दिवसा अजून एखाद-दुसरा अपघात होतो, मुख्यतः कोणी पाहुणे आले की आनंदाने. पाहुण्यांनी आल्या आल्या तिच्याकडे बघायचं नाही असा नियम केलाय, आत्याबाई रुसल्या.

आणि काल तिने नवऱ्याच्या बुटात केली. आला त्याला वास.

लादीवाला :

बूट चामड्याचे का कापडी? चामडी असतील तर व्हिनेगर नको ताई, परत सांगतोय.

भिजकी_नाशिककर :

चामडी. बाटली शेजारच्या ताईंना परत दिलीये दादा, रिकामी.